‘मदतनीस लागतो का?’ हे यूडीआयडी कार्डावर छापा

महोदय,

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, घरी आले की आता एसटी, लोकल, एक्स्प्रेस, मेट्रो सगळीकडे तेच चालणार, अशा समजुतीने लोक प्रवासाला निघतात आणि पहिल्याच खिडकीवर अडतात. चूक त्यांची नसते, आणि बहुतेक वेळा खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याचीही नसते. कार्ड एकच असले तरी प्रत्येक वाहतूक सेवा त्या कार्डाला वेगळा प्रश्न विचारते. एसटी विचारते, टक्के किती? रेल्वे विचारते, मदतनीसाशिवाय प्रवास करता येतो का? शहर बस विचारते, कोणत्या पालिकेच्या हद्दीत राहता? मेट्रो विचारते, महिन्याला फेऱ्या किती? कार्डावर ठळकपणे छापलेले असते ते यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. आम्ही काही जण दिव्यांगांचे प्रमाणपत्रांचे आणि सवलतीचे अर्ज भरून देण्याचे काम करतो. कोणत्या वाहनात नेमके काय लागते ते एका जागी सांगावे आणि शासनापुढे एक मागणी ठेवावी, म्हणून हे पत्र.

आधी कार्डाविषयी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आणि लाभांसाठी ४० टक्क्यांची रेषा आखली. यूडीआयडी कार्डावरची रंगीत पट्टी तेच सांगते. ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पांढरी, ४० पासून ८० च्या आत पिवळी आणि ८० किंवा त्याहून जास्त असेल तर निळी. पांढऱ्या पट्टीचे कार्ड ही दिव्यांगत्वाची नोंद आहे, एसटीच्या सवलतीसाठी ते पुरत नाही. हे कार्ड देताना कोणी समजावून सांगत नाही, आणि मग बसमध्ये वाहकाशी वाद होतो. कार्डावर मुदतही छापलेली असते. मुलांच्या आणि पुढे सुधारणा होऊ शकेल अशा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रांना ठरावीक मुदत असते. ती संपली की रंग कोणताही असो, कार्डाचा उपयोग नाही.

सर्वांत जास्त गैरसमज रेल्वेबद्दल आहेत, म्हणून तिथे जरा थांबतो. कायद्यात २१ प्रकार असले तरी रेल्वेच्या भाडे सवलतीत दिव्यांगांचे वर्ग चारच आहेत. मदतनीसाशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग किंवा अर्धांगवायूग्रस्त प्रवासी, मदतनीसाशिवाय प्रवास करू न शकणारे बौद्धिक अक्षम प्रवासी, पूर्णपणे दृष्टिहीन प्रवासी, आणि एकाच व्यक्तीत बहिरेपण व मुकेपण दोन्ही पूर्ण असलेले प्रवासी. ही व्याख्या नीट वाचली तर खिडकीवरचे निम्मे वाद समजतात. एका पायाला पोलिओ आहे, कार्डावर ६० टक्के आहेत, पण काठीच्या आधाराने माणूस एकटा फिरतो: रेल्वेच्या व्याख्येत तो बसत नाही. ऐकू येत नाही पण बोलता येते: बसत नाही. अंधुक दिसते: बसत नाही. हे योग्य आहे असे आम्ही म्हणत नाही. रेल्वेने ही व्याख्या २०१६ च्या कायद्याशी जुळवून घ्यायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण आज खिडकीवर जाणाऱ्याने आजचा नियम माहीत करून जावे.

थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे तिन्ही आजार कायद्यातल्या २१ प्रकारांत आहेत. रेल्वेत मात्र त्यांची सवलत ‘रुग्ण’ या वेगळ्या शीर्षकाखाली येते आणि ती उपचाराच्या प्रवासापुरतीच असते. त्यासाठीचा नमुनाही वेगळा असतो. विदर्भातल्या सिकलसेलच्या कुटुंबांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे, कारण दिव्यांगांचा फॉर्म भरून नेला तर तो परत येतो.

सवलत किती, तर अस्थिव्यंग, बौद्धिक अक्षम आणि दृष्टिहीन या तीन वर्गांना सेकंड क्लास, स्लीपर, फर्स्ट क्लास, थ्री एसी आणि एसी चेअर कारमध्ये ७५ टक्के, टू एसी आणि फर्स्ट एसीत ५० टक्के, आणि राजधानी-शताब्दीच्या थ्री एसी व चेअर कारमध्ये २५ टक्के. मूकबधिरांना सेकंड, स्लीपर आणि फर्स्ट क्लासमध्ये ५० टक्के, एसीत काहीच नाही. चारही वर्गांना मासिक आणि त्रैमासिक पासात ५० टक्के. सोबतच्या एका मदतनीसालाही तेवढीच सवलत मिळते. ही सवलत मूळ भाड्यावर असते. आरक्षण शुल्क, सुपरफास्टचा अधिभार आणि ऑनलाइन तिकिटाचे सुविधा शुल्क पूर्ण लागते, त्यामुळे ‘७५ टक्के म्हणाले होते, मग एवढे पैसे कसे?’ असे वाटून खिडकीवर भांडू नये. तत्काळ कोट्यात सवलत नाही. गाडीत बसल्यावर टीसीकडून सवलतीचे तिकीट बनवून घेता येत नाही, ते आधीच काढलेले असावे लागते.

आता कागद. सवलतीच्या प्रमाणपत्राचा रेल्वेचा स्वतःचा ठरलेला नमुना आहे आणि तो सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. यूडीआयडीची झेरॉक्स त्याच्या जागी चालत नाही. या नमुन्यात फोटोवरची सही आणि शिक्का अर्धे फोटोवर आणि अर्धे कागदावर यावे लागतात, आणि चेहरा मोकळा राहावा लागतो. प्रत्यक्षात होते असे की घाईगर्दीत शिक्का पूर्ण फोटोवर बसतो किंवा फोटोच्या बाजूला पडतो, आणि दोन्ही वेळा अर्ज परत येतो. दुसरी नेहमीची अडचण खाडाखोडीची. नमुन्यातल्या छापील वाक्यात कोणताही बदल चालत नाही. काही डॉक्टर चांगल्या हेतूने ‘मदतनीसाशिवाय प्रवास करू शकत नाही’ या ओळीत पेनाने आपले शब्द घालतात आणि तेवढ्यावर प्रमाणपत्र बाद होते. तिसरी गोष्ट, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि रुग्णालयाचा शिक्का. अंधुक उमटलेला शिक्का वाचता येत नाही आणि पडताळणी अडकते. रेल्वे हे प्रमाणपत्र संबंधित रुग्णालयाकडे पाठवून खरे आहे का ते तपासते, म्हणून रुग्णालयाच्या नोंदवहीत त्याची नोंद झाली आहे ना, हे तिथून निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. शिक्क्याची शाई वाळण्याआधी कागदाची घडी घालू नये, इतकी साधी काळजीसुद्धा पुढचा हेलपाटा वाचवते.

या प्रमाणपत्राची मुदत वयावर आहे. कायमस्वरूपी दिव्यांगत्वात २५ वर्षांपर्यंतच्या व्यक्तीला ५ वर्षे, २६ ते ३५ वयात १० वर्षे आणि ३५ च्या पुढे आयुष्यभर. प्रमाणपत्राच्या आधारावर रेल्वे फोटो असलेले ओळखपत्र देते, ज्याच्यावर स्वतंत्र क्रमांक असतो. आयआरसीटीसीवर तिकीट काढताना हाच क्रमांक लागतो, यूडीआयडीचा नाही. या कार्डासाठी आता रेल्वेचे दिव्यांगजन पोर्टल आहे आणि अर्ज घरून करता येतो. पूर्वी विभागीय कार्यालयात चकरा माराव्या लागत, त्या मानाने ही मोठी सोय झाली. अर्जात विभाग निवडताना नकाशा डोळ्यांपुढे ठेवा. खानदेशचा बराचसा भाग भुसावळ विभागात येतो. मराठवाड्याचा बराचसा भाग नांदेड विभागात आहे आणि तो मध्य रेल्वेत नसून दक्षिण मध्य रेल्वेत आहे. चुकीच्या विभागाकडे गेलेला अर्ज नुसता पडून राहतो आणि अर्जदार पडताळणीची वाट पाहत बसतो.

आरक्षण करताना अस्थिव्यंग आणि बौद्धिक अक्षम या दोन वर्गांनी मदतनीसासह तिकीट काढावे, कारण त्यांची सवलतच मदतनीस लागतो या आधारावर आहे. दृष्टिहीन आणि मूकबधिर प्रवासी एकटेही सवलतीत जाऊ शकतात. मदतनीसाचे नाव त्याच पीएनआरवर घ्या. दिव्यांग व्यक्ती गाडीत नसेल तर मदतनीसाच्या सवलतीला अर्थ उरत नाही, तेव्हा ऐनवेळी ‘मी पुढच्या गाडीने येतो, तू हो पुढे’ असे करू नका. स्लीपरमध्ये दिव्यांग कोट्याच्या ४ बर्थ असतात आणि त्यातल्या २ खालच्या असतात. या जागा हव्या असतील तर तिकीट काढताना सर्वसाधारण कोटा न घेता दिव्यांग कोटा निवडावा लागतो. सवलत निवडली म्हणजे कोटा आपोआप मिळाला असे नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडते. रेल्वे कार्डाची मुदत प्रवासाच्या दिवशीही चालू असली पाहिजे, म्हणून ती संपत आली असेल तर दोन-तीन महिने आधीच नव्याच्या मागे लागा.

मुंबईच्या लोकलबद्दल दोन गोष्टी. दिव्यांगांचा राखीव डबा म्हणजे सवलत नव्हे. तिथेही तिकीट किंवा पास लागतोच, आणि सोबत ओळखपत्राचे मूळ कार्ड लागते. या डब्यातून कर्करुग्ण आणि गरोदर स्त्रियाही प्रवास करतात, त्यांच्याकडे संशयाने पाहू नये. धडधाकट प्रवासी घुसले तर रेल्वे कायद्याच्या कलम १५५ खाली कारवाई होते. तक्रार रेल्वेच्या १३९ या फोन क्रमांकावर करता येते. तक्रार करताना गाडीची वेळ, दिशा, डब्याचे टोक आणि पुढचे मोठे स्थानक सांगा. नुसते ‘डबा भरलाय’ सांगितले तर पोलीस कोणत्या फलाटावर उभे राहणार? दृष्टिहीन प्रवाशांसाठी अनेक फलाटांवर हा डबा थांबतो तिथे बीप वाजणारे यंत्र लावले आहे. ते बंद पडलेले दिसले तर डोळस प्रवाशाने स्टेशन मास्तरांना कळवावे, कारण ज्याला त्याची गरज आहे त्याला ते कुठे होते हेच कळत नाही.

एसटीचा नियम त्या मानाने सरळ आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर साध्या आणि निमआराम गाडीत ७५ टक्के सवलत. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर मदतनीसाला ५० टक्के. शिवशाहीत सवलत थोडी कमी आहे, भाडे आधी विचारून घ्यावे. एसटीत यूडीआयडी कार्ड चालते. गोंधळ होतो तो दुसऱ्या सवलतींच्या सरमिसळीमुळे. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे आणि २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास. आता समजा पूर्ण तिकीट ४०० रुपये आहे. दिव्यांग महिलेने कार्ड दाखवले तर तिला १०० रुपये पडतात. पण वाहक सवयीने मशीनवर महिलेचे तिकीट फाडतो आणि ती २०० रुपये देऊन बसते. तिकीट निघाल्यावर ते रद्द करणे वाहकाला त्रासाचे असते, म्हणून गावाचे नाव सांगण्याआधी कार्ड पुढे करा आणि ‘दिव्यांग’ असे मोठ्याने सांगा. हातात आलेल्या तिकिटावर सवलतीचा प्रकार छापलेला असतो, तो तिथेच वाचून घ्या.

मदतनीसाचा हिशेबही असाच मांडून पाहावा. ५५ टक्के दिव्यांग प्रवाशासोबत भाऊ असेल तर १०० अधिक ४०० असे ५०० रुपये. सोबत बहीण असेल तर तिचे महिला सवलतीत २००, म्हणजे एकूण ३००. प्रवाशाचे दिव्यांगत्व ७० टक्के असेल तर भावालाही अर्धे तिकीट, पुन्हा ३००. म्हणजे ६५ टक्क्यांची रेषा फक्त पुरुष मदतनीसाच्या बाबतीत खिशाला जाणवते. ज्यांच्या घरात सोबत यायला पुरुषच आहे अशा ४० ते ६५ टक्क्यांमधल्या प्रवाशांना एकट्याने जाण्याची सक्ती होते किंवा ते घरी राहतात. शासनाने ही रेषा खाली आणण्याचा विचार करावा. राज्याबाहेर जाणाऱ्या गाड्यांत महिला आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच लागते, पुढच्या टप्प्याचे पैसे जवळ ठेवावेत.

घडीची व्हीलचेअर न्यायची असेल तर मधल्या थांब्यावरून चढण्यापेक्षा गाडी जिथून सुटते तिथून चढावे. डिकी उघडायला आणि चेअर आडवी ठेवायला पाच मिनिटे लागतात, आणि वाटेतल्या थांब्यावर तेवढा वेळ कोणी देत नाही. चेअरच्या पाय ठेवायच्या पट्ट्या काढता येत असतील तर काढून पिशवीत घालून स्वतःजवळ ठेवा, डिकीत त्या वाकतात. चाकांना ब्रेक लावून चेअर ठेवली तर वळणावर ती सरकत नाही.

शहर बसची गोष्ट वेगळी आहे. तिथला मोफत किंवा सवलतीचा पास बहुतेक ठिकाणी महापालिकेच्या पैशांतून दिला जातो, म्हणून पालिका आपल्या हद्दीतल्या रहिवाशालाच तो देते. यूडीआयडी आणि आधार कार्डावरचा पत्ता एक नसेल, किंवा आधारावर अजून गावाचा पत्ता असेल, तर अर्ज अडतो. आधी आधारावरचा पत्ता बदला, मग पासाचा अर्ज करा. उलट क्रमाने गेल्यास दोनदा रांग लावावी लागते. हा पास दुसऱ्या शहरात चालत नाही. बहुतेक पासांची मुदत आर्थिक वर्षाशी बांधलेली असते, त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळेच एकदम खिडकीवर येतात. मुदत संपायच्या आधी नूतनीकरण सुरू होत असेल तर मार्चमध्येच उरकावे.

पण शहर बसमध्ये पासापेक्षा मोठा प्रश्न बसमध्ये चढण्याचा आहे. लो-फ्लोअर बसचा तळ रस्त्यापासून ४०० मिलिमीटरवर असतो. व्हीलचेअर स्वतः ढकलत नेता यावी यासाठी उताराचे प्रमाण १ ला १२ असावे, असे सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येण्याचे, मानक सांगते. बसच्या दारातला दुमडणारा रॅम्प १ मीटर लांबीचा धरला आणि बस १५० मिलिमीटर उंच पदपथाला चिकटून थांबली, तर उरलेली २५० मिलिमीटर उंची १ मीटरमध्ये चढावी लागते, म्हणजे १ ला ४. मागून एकाने आधार दिला तर हे जमते. बस पदपथापासून लांब रस्त्यातच थांबली, तर तोच रॅम्प थेट डांबरावर उतरतो, ४०० मिलिमीटर उंची १ मीटरमध्ये येते आणि चढ १ ला अडीच होतो. एवढ्या चढावर व्हीलचेअर मागे उलटते. त्यामुळे थांब्यावर उभी केलेली एक रिक्षा किंवा दुचाकी म्हणजे व्हीलचेअरवरच्या प्रवाशासाठी ती बस रद्द झाल्यासारखीच. चालकाला दोष देण्याआधी हे पाहिले पाहिजे. वाहतूक पोलिसांनी निदान बसथांब्यांच्या पांढऱ्या चौकटी मोकळ्या ठेवल्या तर नव्या बसगाड्यांवर झालेला खर्च सत्कारणी लागेल. चढताना तोंड बसच्या दिशेने ठेवावे आणि उतरताना पाठ दाराकडे करून, मागून धरणाऱ्या माणसासह, मागे मागे यावे. समोर तोंड करून उतरल्यास पुढे पडण्याचा धोका असतो.

मेट्रोत चढण्या-उतरण्याचा त्रास सर्वांत कमी. लिफ्ट आहे, रुंद फाटक आहे, डब्यात चेअरची जागा आहे, फलाट आणि डबा जवळपास एका पातळीत आहेत. सवलत मात्र नीट समजून घ्यावी. मुंबईच्या २ए आणि ७ या मार्गांवर १ मे २०२३ पासून दिव्यांगांना २५ टक्के सवलत आहे, पण ती ‘मुंबई १’ कार्डावर घेतलेल्या ३० दिवसांच्या ४५ किंवा ६० फेऱ्यांच्या पासावर. खिडकीवर एकेरी तिकीट काढले तर पूर्ण भाडे. ४५ फेऱ्यांच्या पासाला पावणेचौतीस फेऱ्यांचे पैसे पडतात, म्हणजे महिन्यात ३४ पेक्षा कमी फेऱ्या होणार असतील तर पास तोट्याचा आहे. ६० फेऱ्यांच्या पासात हा आकडा ४५ वर जातो. रोज कामाला जाणाऱ्याला फायदा आहे. महिन्यातून चारदा फिजिओथेरपीला जाणाऱ्याला या सवलतीतून एक रुपयाही मिळत नाही, आणि नेमका तोच माणूस अनेकदा सर्वांत जास्त गरजू असतो. सवलत पासाऐवजी कार्डाला जोडली, म्हणजे दिव्यांगाने कार्ड टेकवले की प्रत्येक फेरीला २५ टक्के कमी कापले जातील अशी सोय केली, तर हा प्रश्न सुटतो. दुसऱ्या शहरांतल्या आणि दुसऱ्या मार्गांवरच्या मेट्रोचे नियम वेगळे असतात. एका मार्गाचे कार्ड दुसरीकडे चालेल असे गृहीत न धरता तिथल्या ग्राहक सेवा खिडकीवर विचारावे.

कागदपत्रांबद्दल थोडे. नावातली तफावत हे नकाराचे सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत वारंवार येणारे कारण आहे. आधारावर वडिलांचे नाव मधे, यूडीआयडीवर ते गाळलेले आणि रेल्वे कार्डावर आडनाव आधी, असे तीन कागद तीन माणसांचे वाटतात. पहिला अर्ज करतानाच तिन्हीकडे आधारप्रमाणे नाव लिहा. मूळ कार्ड जवळ ठेवावेच. यूडीआयडी शासनाच्या डिजिलॉकर या मोबाइल ॲपमध्येही मिळते आणि तिथला दस्तऐवज कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचा आहे. मोबाइलमध्ये काढून ठेवलेला कार्डाचा फोटो मात्र तसा नाही, त्यामुळे डिजिलॉकर उघडून दाखवा. खेड्यात नेट नसते, म्हणून निघण्याआधीच ते उघडून ठेवलेले बरे. कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, पण पुन्हा लॅमिनेट करू नका. उष्णतेने क्यूआर कोड वाकडा होतो आणि वाचला जात नाही.

बनावट प्रमाणपत्रांवरून अलीकडे तपासणी कडक झाली आहे आणि ती व्हायलाच हवी. खोटे सांगून दिव्यांगांचा लाभ घेतल्यास कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण तपासणी म्हणजे सर्वांसमोर ‘तुम्हाला काय झालंय, दाखवा’ असे म्हणणे नव्हे. बहिरेपण, हिमोफिलिया, बौद्धिक अक्षमता डोळ्यांना दिसत नाही. वाहकाने किंवा टीसीने कार्ड पाहावे, क्यूआर कोड वाचावा आणि पुढे जावे. शरीराची तपासणी डॉक्टरांनी आधीच केलेली आहे. कोणी अडवले तर प्रवाशाने वाद न घालता तिकीट क्रमांक, गाडी क्रमांक, वाहकाचा बिल्ला क्रमांक आणि वेळ टिपून ठेवावी आणि आगार व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. पोच नसलेली तक्रार पुढे कुठेच उभी राहत नाही. तिथे दाद लागली नाही तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

आता मागणी. डॉक्टर दिव्यांगत्व तपासतात त्याच वेळी ही व्यक्ती एकटी प्रवास करू शकते का, हे त्यांना सांगता येते. पण यूडीआयडीवर त्यासाठी रकाना नाही, म्हणून प्रवाशाला त्याच रुग्णालयात, अनेकदा त्याच डॉक्टरांकडे, रेल्वेचा वेगळा नमुना घेऊन पुन्हा जावे लागते. जो मदतनीसाशिवाय घराबाहेर पडू शकत नाही त्यालाच, मदतनीस लागतो हे सिद्ध करण्यासाठी जास्तीच्या फेऱ्या पडतात. यूडीआयडीवर ‘प्रवासात मदतनीस आवश्यक: होय / नाही’ अशी एक ओळ छापावी, तिची नोंद पोर्टलवर ठेवावी आणि रेल्वे, एसटी, शहर बस, मेट्रो या सर्वांनी कोड वाचून तीच ग्राह्य धरावी. ज्यांची कार्डे आधीच निघाली आहेत त्यांना नव्या तपासणीला न बोलावता, रुग्णालयातल्या जुन्या नोंदीवरून ही ओळ भरता येईल. जिथे नोंद अपुरी आहे तिथेच फेरतपासणी करावी आणि ती तालुक्याच्या शिबिरात करावी, जिल्ह्याच्या गावी बोलावून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेची मानके ऐच्छिक न ठेवता सक्तीची करा, असे केंद्राला सांगितले आहे. सवलतीचा कागद हाही सुगम्यतेचाच भाग मानून केंद्राचा दिव्यांगजन सक्षमीकरण विभाग आणि रेल्वे मंडळ यांनी एकत्र बसून हा रकाना ठरवावा. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला आहे. या विभागाने तसा प्रस्ताव केंद्राकडे पाठवावा, आणि तोवर प्रत्येक आगारात व तिकीट खिडकीवर कोणाला किती सवलत आणि कोणता कागद लागतो, याचा मराठीतला एक पानी तक्ता दिसेल असा लावून घ्यावा.

आपले,
दिव्यांग प्रवाशांसाठी काम करणारे काही कार्यकर्ते